जळक्या सागाची दारे

आमच्या घरमालकांच्या बैठकीत, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, वर्तमानपत्रातली एक बातमी फ्रेम करून लावलेली होती. चार ओळींची बातमी. मथळा होता : ‘सागवान चोरीची कबुली, आरा मशीन मालकास दंड’. हा आरा मशीन मालक म्हणजे ते स्वतःच. फ्रेमही त्यांनीच केली होती आणि तिची वरची कड कोळशासारखी काळी ठेवली होती. घरी आलेल्या माणसाची बातमी वाचून झाली की ते म्हणत, "वाचलं? आता फ्रेमले हात लावा." हात लावला की बोट काळे होई.

"पाहा," ते म्हणत. "बातमी खोटी हाय. फ्रेम खरी हाय."

ज्या पेपरात ती बातमी आली, त्याच पेपरात मी नोकरीला होतो. बातमी मी लिहिलेली नव्हती. सरकारी पत्रक आले होते, ते डेस्कवरून जसेच्या तसे खाली छापखान्यात गेले. घरमालकांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, "तुमचा कंपॉझिटर हुशार हाय गा पेपरवाले. शुद्धलेखनाची एकबी चूक नाही. बाकी सगळी चूक."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपुरात हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे घर होते. तेव्हा तिकडे शेते होती आणि मधूनमधून एखादे घर. लाकडे कापायची त्यांची आरा मशीन शहरात, लाकूडबाजारात. सकाळी सायकलवर जायचे, संध्याकाळी केसांत भुसा घेऊन परत यायचे. वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. देताना जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचे विचारले नाही. माझे सामान सायकलरिक्षातून उतरत होते. त्यातला पलंग त्यांनी अंगणात ठेवून घेतला, मधल्या बोटाचे पेर त्याच्या पायावर दोनदा वाजवले आणि कान लावला.

"आंबा," ते म्हणाले. "कोनी देल्ला हा तुम्हाले?"

"घरचा आहे."

"आंब्याच्या पलंगावर झोपणारा माणूस सकाळी उठून पेपरात काय लिहीन?"

पलंग वर चढलाच नाही. त्यांनी स्वतःकडचा एक सागवानी पलंग दिला. माझा अंगणात पडून राहिला आणि काही वर्षांनी तिथेच मोडला. त्याचे त्यांना वाईट वाटल्याचे दिसले नाही.

लाकूड दिसले की वाजवायचे, ही त्यांची सवय शहरभर माहीत होती. लग्नात मांडवाचे खांब वाजवत. मुलीला दिलेले कपाट वऱ्हाडासमोर वाजवत आणि वरबापाला सांगत की फसलात, किंवा फसला नाहीत. प्लायवूडला ते ‘कागद’ म्हणत. एकदा एका बँकेत साहेबांच्या टेबलावर पेर वाजवून म्हणाले, "साहेब, तुम्ही कागदावर कागद ठेवून त्याच्यावर सही करून राहिले. मले भेव वाटते." साहेब हसले नाहीत. घरमालकही हसले नव्हते. हे त्यांचे मतच होते.

घरात लाकूड जाळायला बंदी होती. बाभळीची ढलपीसुद्धा चुलीत गेलेली त्यांना चालत नसे. त्यामुळे त्यांच्या पत्नी, काकू, सगळा स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर करत. पत्र्याच्या डब्यात भुसा ठासून भरायचा, मधे भोक ठेवायचे आणि ते विझणार नाही याची दुपारभर काळजी करायची. काकू मला म्हणत, "पाहून ठेवा भाऊ. माह्या शेगडीत भुसा, यायच्या डोक्यात भुसा. फरक इतकाच का शेगडी कधी कधी विझते."

या स्वभावापायी त्यांनी नातेवाईक गमावले होते. एका दूरच्या भावाच्या अंत्ययात्रेला ते घाटावर गेले होते. सरण रचून झाले होते. मुलगा अग्नी द्यायला पुढे आला आणि हे म्हणाले, "थांबा." खाली वाकून त्यांनी सरणाच्या तळाचा एक ओंडका वाजवला आणि ओढून काढला. त्या जागी शेजारच्या ढिगातला बाभळीचा ओंडका सरकवला.

"काका, हे काय करून राहिले?" मुलगा म्हणाला.

"साग हाय हा. तुह्या बापाले बाभूळबी तेवढीच जाळते. हा कोणाच्या तरी घराचा दरवाजा हाय. याले काहून जाळतं?"

ओंडका खांद्यावर घेऊन ते घाटावरून चालत परत आले. मेलेल्या माणसाच्या अंगाखालचे लाकूड चोरले, असे लोक बोलले. त्या ओंडक्याचा त्यांनी एक सुरेख पाट केला आणि तेराव्याला त्या घरी पाठवला. घरच्यांनी तो परत पाठवला. पाट आमच्या जिन्याखाली उभा असे. त्यावर कोणी बसत नसे.

उमरेडला एस.टी. बदलून पुढे जंगलाच्या कडेला एक गाव होते. तिथे शेतकऱ्यांची आळी होती आणि नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती. एका उन्हाळ्यात जंगलातून वणवा आला आणि दोन्हीकडची घरे घेऊन गेला. माणसे वाचली. पेपराने मला तिकडे पाठवले. एस.टी.त बसलो तर शेजारच्या जागेवर घरमालक बसलेले होते. "तुम्ही घरं पाहा," ते म्हणाले. "मी झाडं पाहतो."

गावात कुडाच्या भिंती राहिल्या नव्हत्या. छपराच्या कवेलूंचे ढीग तेवढे होते. माणसे राखेतून भांडी वेचत होती. मी माहिती घेत होतो तोवर ते जंगलात शिरले. परत आले तेव्हा तोंड काळे, हात काळे, सदरा काळा. गावातली पोरे त्यांना पाहून पळाली. त्यांच्या हातात कुऱ्हाडीने काढलेली एक ढलपी होती. एक बाजू जळालेली, दुसरी सोनेरी तपकिरी. तेलकट चकाकी तशीच्या तशी.

"यंदा बांबू फुलून वाळला होता. तो सगळा पेटला, म्हणून साग मेला," ते म्हणाले. "झाड मेलं हाय. लाकूड मेलं नाही. साल गेली, वरचं पांढरं गेलं. आग गाभ्याच्या अंगणातूनच परत गेली. आत्ता कापलं तर या अख्ख्या गावाले खांब हाय, आढं हाय, दारं हाय. पावसाळा लागला का फाटते. मंग फक्त पाहत राहाचं."

अशी झाडे जंगलात हवी तितकी उभी होती. पलीकडे लोकांना घरे नव्हती. मधे एक सरकारी सही होती. ती मागायला ते वनखात्याच्या त्या भागाच्या रेंजरकडे गेले. मी बरोबर होतो.

रेंजर शांत माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"साग जळालेला नाही," तो म्हणाला.

घरमालकांनी ढलपी टेबलावर ठेवली. "मंग हे काय हाय?"

"लाकूड."

"कायचं?"

"जळाऊ."

त्याचे कारण नंतर कळले आणि ते साधे होते. उन्हाळ्याआधी जंगलात गवत काढून रिकामे पट्टे ठेवावे लागतात, म्हणजे आग त्यांच्यापलीकडे जात नाही. त्या वर्षी ते पट्टे काढलेले नव्हते. कागदावर काढलेले होते. साग जळाला असे वर कळवले असते, तर आग पट्टा ओलांडून कशी आली, असा प्रश्न वरून आला असता. म्हणून अहवाल गेला : पालापाचोळा व बांबू जळाला, इमारती लाकडाची हानी नाही. हानी नाही, म्हणजे जळालेला साग नाही. जो साग नाही तो लोकांना कसा देणार? मात्र जळून उभे असलेले लाकूड गावाला निस्ताराच्या हक्काने, म्हणजे चुलीसाठी, देण्याची रेंजरची तयारी होती. जळाऊ लाकूड म्हणून. जळाऊ लाकूड चुलीत जाईल एवढे आखूड कापलेले असावे लागते. म्हणून सरळसोट सागाची झाडे हातभर, दीड हात लांबीच्या तुकड्यांत कापायचा हुकूम झाला.

कापताना घरमालक तिथे उभे होते. करवत पडेल तसे ते मोठ्याने सांगत होते, "हे आढं गेलं. हा खांब गेला. ही चौकट गेली." मजूर थांबून त्यांच्याकडे पाहत. खात्याचा मुकादम म्हणाला, "काका, आम्हाले काम करू द्या ना." ते म्हणाले, "करा. मी मोजून नाही राहिलो, नावं घेऊन राहिलो. कोणी तरी घेतली पाह्यजे."

मी बातमी लिहिली. डेस्कने ती खात्याच्या खुलाशासाठी थांबवली. खुलासा आला नाही आणि बातमीही आली नाही.

आखूड तुकड्यांचे खांब होत नाहीत. पण दार होते. आडव्या फळ्या आखूड चालतात. उभ्या पट्ट्यांसाठी तुकड्याला तुकडा खाचेत बसवायचा. कामाचा कस लागतो, पण होते. गावात मातीच्या भिंती उभ्या राहत होत्या. छपराला मदतीचे पत्रे येणार होते. दारे कोणी देणार नव्हते. घरमालकांनी ठरवले की या जळाऊ लाकडाची ते दारे करतील, घरटी एक. त्यांनी गाव बोलावले.

शेतकऱ्यांच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या पाटलांनी ऐकून घेतले आणि मान हलवली. "शेठ, तुमचा जीव मोठा हाय. पण अर्धवट जळालेलं लाकूड म्हणजे सरणातलं. ते घराले लावत नाहीत."

घाटावर सरणातून ओंडका ओढणारा माणूस हे ऐकून काय बोलेल, याची मला कल्पना होती. ते उभे राहिले आणि ओरडायला लागले. त्यांना लाकडाबद्दल बोलता यायचे, माणसांशी नीट बोलता यायचे नाही. त्यांचे ओरडणे ऐकून लोक उठून जायला लागले. तेव्हा नाल्यापलीकडून आलेल्या बायकांतली एक पुढे आली. पंचफुलाबाई. विधवा बाई, मजुरी करायची, एक लेक होती, ती बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"बसा ना शेठ खाली," तिने आधी यांना सांगितले. मग पाटलांकडे वळली. "पाटील, घर जळून राहिलं तवा तुम्ही आगीले इचारलं का, का वं तू सरणातली का चुलीतली? नाही इचारलं. आता ज्या राखेवर बसले तीबी मंग सरणातलीच झाली. उठा तिथून."

लोक हसले. पाटीलही थोडे हसले.

"आम्ही दीक्षेले नागपूरले गेलो तवा घरातले देव नेऊन नाल्यात सोडले," ती म्हणाली. "देवाले नाही भ्यालो. लाकडाले काहून भ्याव? आमच्या वस्तीचे दारं बनवा शेठ. माहं पयले."

पाटलांनी विचार केला. "शेठ, असं करा. आधी तुमच्या घराले लावा. मंग पाहू."

नागपूरपर्यंत जळाऊ लाकूड नेण्याचा परवाना मिळायला अडचण नव्हती. जळाऊ कोणीही नेते. पहिला ट्रक आला तसे त्यांनी मशीनवरचे बाकीचे काम बंद केले. पहिले दार स्वतःच्या घराचे केले. जुने चांगले दार उतरवले आणि हे लावले. वरच्या फळीची कड त्यांनी रंधली नाही. जळालेली होती तशीच काळी ठेवली. प्रत्येक दाराची ते ठेवणार होते. हे लाकूड कुठून आले ते दारानेच सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते.

काकूंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. "लोकाइच्या घरी लक्ष्मी येते," त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या. "आमच्या घरी सरण आलं. आन् त्यालेबी बिजागरी लावली."

पाटील एका सकाळी एस.टी.ने आले. दार उघडून पाहिले, लावून पाहिले. मग घरमालकांसारखेच बोटाचे पेर त्याच्यावर वाजवले आणि लाजले. काकूंनी जेवायला वाढले. जाताना पाटील म्हणाले, "माह्या घराचं थोडं रुंद करा. बैल नाही जात, पण धान्याची पेटी जाते."

दारे तयार झाली. ट्रक गावाकडे निघाला तो पावसाळ्याच्या तोंडावर. घरमालक ड्रायव्हरशेजारी बसले होते. जंगल नाक्यावर गार्डने ट्रक थांबवला. पुढचे बोलणे ड्रायव्हरने मला नंतर बऱ्याच वेळा, दर वेळी तितक्याच आनंदाने, ऐकवले.

"यात काय हाय?"

"दारं."

"लाकूड कायचं?"

"साग."

"कुठून आणला?"

"हितूनच. तुम्हीच देल्ला."

"आम्ही जळाऊ देल्लं. हे सागवान हाय. मधात काय झालं?"

"मधात आरा झाला."

गार्डने रेंजरला बोलावले. दारे उतरवली, पंचनामा झाला. त्यात लिहिले : सागवानी दारे, वरील कडेस काळा रंग दिलेला. घरमालकांनी रेंजरचा हात धरला आणि त्याचे बोट एका दाराच्या कडेवर ओढले. बोट काळे झाले. रेंजरने ते रुमालाला पुसले आणि पंचनाम्यावर सही केली.

"शेठ, समजून घ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज तेव्हाही चढलेला नव्हता. "जंगलात साग जळालेला नाही. मग हा साग आला कुठून? कुठून तरी उभ्या हिरव्या झाडाचा तोडलेला असणार."

"चला. अजून उभे हाय तिकडं. दाखवतो."

रेंजर गेला नाही. जंगल तिथून दिसत होते. मागच्या बाजूचे काळे बुंधे नाक्यावरून कोणालाही दिसत होते. त्याने त्या बाजूला मान फिरवली नाही. एखाद्या माणसाला खोटे ठरवायला मान न फिरवणे पुरते, हे मी त्यानंतर अनेक कचेऱ्यांत पाहिले. पण इतके स्वच्छ कुठे पाहिले नाही.

दारे डेपोच्या मोकळ्या आवारात रचून ठेवली गेली. वर ताडपत्री नव्हती. पाऊस सुरू झाला. खात्याने तडजोडीचा मार्ग ठेवला होता : लाकूड हिरव्या झाडाचे, चोरीचे होते, असे लिहून द्यावे, दंड भरावा आणि माल सोडवून न्यावा. सगळे म्हणाले, द्या लिहून. वकील म्हणाला, अशा कबुलीला कोणी विचारत नाही. घरमालक म्हणाले, "दंडाचं मले काही नाही. पण मी सही केली का ते जंगल जळालंच नाही. मंग ते गावबी जळालं नाही. मंग ते लोक काय हौसेनं उघड्यावर बसले?"

ते अर्ज लिहीत राहिले. कचेऱ्यांत जात राहिले. ज्या ज्या टेबलासमोर उभे राहिले ते ते वाजवून आले. घरी येऊन सांगत, "शिसम. आन् त्याच्यामागं बसलेला पांगारा, आतून पोचट." मशीनवरचे गिऱ्हाईक कमी झाले. राग त्यांना शोभायचा. त्या दिवसांत तो त्यांना खातही होता. जेवताना मधेच थांबून ते ताट वाजवत. ते पितळेचे होते.

पंचफुलाबाई आली ती एका सकाळी, भिजून. मी जिन्यात होतो. तिने दार ठोठावले. काकूंनी उघडले. घरमालक बाहेर आले. "राम राम" म्हणाले, ती "जय भीम" म्हणाली. आत मात्र आली नाही. दाराच्या वरच्या कडेवरून तिने हात फिरवला आणि काळी झालेली बोटे पाहिली.

"हे आमच्याच जंगलातलं ना?"

"हव."

"चांगलं बसलं."

"आत ये ना वं बाई. चहा घे."

"नाही. दार पाहाले आली." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "लेक आली माही. दिवस भरले तिचे. दाराले पोतं बांधलं हाय. निजतानी बाज आडवी टाकतो. कुत्रं बाजेखालून येते. बाळंतिणीच्या घरी तं अजून येईन."

"मी लढून राहिलो ना बाई. ते माह्याकडून खोटं लिहून मागून राहिले."

"मंग द्या ना लिहून."

"खोटं?"

"शेठ, तुमचं खरं दाराआड बसून हाय. माहं पोत्यामागं हाय."

ते वळून आत गेले, हातोडी आणि पेचकस घेऊन आले आणि दाराची बिजागरी खोलायला लागले. "हेच ने. आत्ता ने."

"आन् नाका?" ती म्हणाली. "तिथं ठेवून घेतीन. मंग काकू इथं पोतं लावतीन का?" काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी घरमालकांच्या हातातला पेचकस काढून घेतला. पंचफुलाबाईला परतीची एस.टी. धरायची होती. काकूंनी तिला कोरडे लुगडे दिले, ते घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी ते रेंज ऑफिसला गेले. मला म्हणाले, "चला गा, साक्षीले कोणी पाह्यजे." कबुलीचा मजकूर टाइप केलेला तयारच होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला, एकेक शब्द, शाळेत धडा वाचावा तसा. ‘हिरव्या उभ्या झाडांची बेकायदा तोड करून’ इथे थांबले. बोटाचे पेर टेबलावर वाजवले.

"साग," ते रेंजरला म्हणाले. "चांगला हाय. जपून ठेवा."

मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सही केली. रेंजरने चहा मागवला होता. ते थांबले नाहीत.

माल सोडताना प्रत्येक दारावर खात्याच्या हातोड्याचा ठसा मारण्यात आला. कायदेशीर लाकूड असल्याची ती खूण. आधी ज्यांनी हा साग नाही म्हटले, मग हा जळालेला नाही म्हटले, त्यांनीच लोखंडाने ठोकून सांगितले की साग आहे आणि आता ठीक आहे. पत्रक आमच्या पेपरला आले, चार ओळींत छापून आले. पुढच्या वर्षी आरा मशीनच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही. कारण दिले होते : परवानाधारकाने लाकूडचोरी कबूल केली आहे. मशीन विकून टाकावी लागली. लाकूडबाजारातले लोक हळहळले. घरमालक म्हणाले, "काहून? बरोबरच हाय. कागदावर मी चोर हाय. चोराले आरा कोण देईन?" उरलेल्या दिवसांत ते अंगणात बसून हाताच्या करवतीने पाट, पोळपाट, देव्हारे असले काहीबाही करत. ज्या रेंजरने हे सगळे केले तो बढती होऊन गेला. जंगलातले काळे साग पुढची कित्येक वर्षे उभे होते. फाटत गेले, मग पडले. ज्यांना त्यांची गरज होती त्यांच्या नजरेसमोर पडले. त्यातले एकही झाड कोणत्या नोंदीत मेले नाही.

दारे लागली त्या दिवशी आम्ही दोघे गावात गेलो होतो. सुतारांनी सकाळपासून काम केले होते. पाटलांचे रुंद दार लागले होते. आम्ही नाला ओलांडून पलीकडे गेलो, तर पंचफुलाबाई घराच्या तोंडाशी उभी होती. आतून तान्ह्या मुलाचा आवाज येत होता. दार सताड उघडे होते.

"या, चोर शेठ, या," ती मोठ्याने म्हणाली. शेजारणी हसल्या. "दार उघडंच ठेवलं. चोर येणार म्हटल्यावर काहून लावू?"

मला वाटले, आता हे बिघडतील. ते बिघडले नाहीत. दाराजवळ गेले, ठशावर अंगठा ठेवून पाहिला, काळ्या कडेला हात लावला नाही.

"आत जा वं," ते म्हणाले. "कडी लाव."

"तुम्ही या ना आधी. लेकरू पाहा."

"आधी कडी."

ती आत गेली. दार लागले. पावसाने थोडे फुगले होते, शेवटी जरा घासले आणि बसले. आत कडी पडल्याचा आवाज आला. ते बंद दारासमोर उभे राहिले. मग मधल्या बोटाचे पेर त्याच्यावर दोनदा वाजवले आणि कान लावला.

"कोण हाय?" आतून पंचफुलाबाईने विचारले.

"चोर."

आत दोन बायका हसल्याचे ऐकू आले. "मंग नाही उघडत," ती म्हणाली.

घरमालकांनी दारावर खांदा ठेवून एकदा जोर लावून पाहिला. दार हलले नाही. ते माझ्याकडे वळले.

"बसली कडी," ते म्हणाले.